जिभेपुरत्या उरलेल्या पोलिश बिअर

मला आवडलेल्या पोलिश बिअर तीन आहेत, आणि तिन्हींचा वास आता मला येत नाही. कडू, गोड, आंबट एवढं जिभेला अजून कळतं. पण आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बहुतेक सारं नाकाचं असतं, हे मला नाक गेल्यावर समजलं. या तिन्ही बिअर मी सकाळी अकरा वाजता, उपाशीपोटी, पगारावर प्यायले. तेवढ्या हक्कानं त्यांच्याविषयी लिहिते आहे.

शेंद्र्याच्या एका बिअर कारखान्यात मी कागदपत्रं सांभाळायला लागले होते. शिक्षण मराठी कवितेचं, त्याचा तिथं कुणाला उपयोग नव्हता आणि मलाही नव्हता. एकदा ऑफिसातल्या सगळ्यांना एका खोलीत बसवून बारा कुप्या हुंगायला दिल्या आणि ज्याचा जो वास येईल तो लिहा म्हणून सांगितलं. बाकीच्यांनी ‘चांगला’, ‘वाईट’, ‘औषधासारखा’ असं लिहिलं. मी एका कुपीसमोर लिहिलं, पावसाळ्यात बंद राहिलेल्या वर्गातला खडू. दुसरीसमोर, दुधाचं पातेलं घासून पालथं घातल्यावर त्याच्याखाली राहणारी हवा. चव घेणाऱ्यांच्या पॅनलचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसते सर म्हणत, ते माझा कागद घेऊन टेबलाशी आले. “ताई, तुम्ही फायली कशापायी लावता?” एवढंच त्यांनी विचारलं.

पॅनलवर मी आठ वर्षं होते. तिथं कवितेची पदवी पहिल्यांदा कामाला आली, असं मी स्वतःला सांगत असे. सहा जणांत मी एकटी बाई. केसांना तेल नाही, गजरा नाही, सकाळी दहानंतर चहा नाही. खोलीत लाल दिवा, म्हणजे पेल्यातला रंग कळू नये. तीन पेले समोर येत, त्यांपैकी दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं आणि का ते लिहायचं. मी शेवटी दोन-तीन ओळी मराठीत लिहीत असे आणि सर त्या बाकीच्यांना वाचून दाखवत.

घरी हे सोपं नव्हतं. आई दर पौर्णिमेला विहारात पंचशील घेते, आणि पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं आहे. आमच्या आधीच्या पिढीनं ज्या दोन-चार गोष्टी हट्टानं घराबाहेर काढल्या, त्यांतली दारू ही पहिली. नोकरीतला हा बदल सांगितला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “माय, लई शिकलीस. कविता शिकलीस. अन् काम काय, तर दारू हुंगायचं.” दोन दिवसांनी तिनं स्वतःच तोड काढली. नाकानं घे, म्हणाली, घशाखाली जाऊ देऊ नको. मी बरं म्हटलं. बिअरचा कडूपणा जिभेच्या मागच्या भागाला, गिळल्यावरच नीट कळतो आणि म्हणून पॅनलवर बिअर थुंकत नाहीत, हे मी तिला आठ वर्षांत कधी सांगितलं नाही.

त्या पोलिश बिअर माझ्या आयुष्यात एका हिवाळ्यात आल्या. कारखान्याला धुरकट वासाची एक हलकी बिअर काढायची होती, त्यासाठी पोलंडहून एक वृद्ध बिअरतज्ज्ञ बोलावले होते. त्यांच्याकडे दोन बॅगा होत्या. एकीत कपडे, दुसरीत बाटल्या, प्रत्येक बाटली लोकरी मोज्यात घातलेली. शेजारच्या देशांच्या बिअर त्यांनी मुंबईतून मागवून घेतल्या होत्या. पंधरा दिवस ते आमच्यासमोर पोलिश पेल्याशेजारी परका पेला ठेवत राहिले. आमच्या दृष्टीनं सगळेच परके, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं की जर्मन आणि चेक हे त्यांचे भांडणारे शेजारी आहेत. सरांनी कौतुकाच्या अपेक्षेनं आमची नेहमीची कडक बिअर त्यांना दिली. त्यांनी सावकाश घोट घेतला आणि इंग्रजीत म्हणाले की ही बिअर फार घाईत आहे. सर हसले. पुढं कित्येक दिवस उशिरा येणाऱ्याला ते म्हणत, आमच्या बिअरकडून शिका काहीतरी.

पहिली बिअर फिकट सोनेरी, साधी, तिकडं रोज पितात ती. तिच्यातले हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, पोलंडच्याच पूर्व भागातले. पेला नाकाशी नेला आणि मला चैत्र आठवला. कडुनिंब फुलतो तेव्हा सकाळी रस्त्यावर जो गोडसर, थोडा कडवट, कुठून येतो ते न कळणारा वास असतो, तसा तो होता. शेजारच्या चेक बिअरला लोण्याचा हलका हात लागलेला होता, ती अधिक भरलेली, अधिक घरगुती. जर्मन बिअर धुऊन कडक वाळवलेल्या सुती कापडासारखी, कोरडी आणि नेटकी. मी तिघींना गुण दिले तेव्हा चेक पहिली आली. आवडली मात्र पोलिश.

दुसरी काळी, पोर्टर. तिचं नाव इंग्लंडचं, पण पोलंडच्या थंडीत ती महिनोन् महिने मुरवतात. इंग्रजी पोर्टर आणि तिच्याच जातीची आयरिश स्टाउट मला कॉफीच्या चोथ्यासारखी वाटली. कोरडी, प्रामाणिक, गिळली की संपली. पोलिश पोर्टरमध्ये काळ्या मनुका होत्या, काकवी होती, कढईच्या कडेला लागलेली साखर होती, आणि गिळल्यावरही ती बराच वेळ छातीत उतरत राहिली. त्या दिवशी मी बसमध्ये मागच्या सीटवर बसले. क्रांती चौकात उतरून पाणी प्यायले, बडीशेप खाल्ली, मग हर्सूलला घरी गेले. आईनं नेहमीसारखं ताट वाढलं.

तिसरी त्या वृद्ध तज्ज्ञांनी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली होती. ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या गव्हाची, पाण्यासारखी हलकी, फेसानं उभी राहणारी बिअर. ग्रोजिस्क नावाच्या गावी ती शेकडो वर्षं होत होती, मध्ये बंद पडली, मग जुन्या लोकांना विचारून पुन्हा सुरू झाली. तिच्या शेजारी त्यांनी जर्मन धुरकट बिअर ठेवली. त्या जर्मन पेल्यात धूर दारातच उभा होता, जाड, मांसाचा, पेल्यात दुसरं काही शिरूच न देणारा. पोलिश पेल्यात धूर शोधावा लागला. आधी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, मग गहू, मग तो. मी कागदावर लिहिलं: हुरडा खाऊन झाला आहे, आगटीवर राख धरली आहे, माणसं केव्हाच उठून गेली आहेत आणि बाईच्या शालीत तेवढा धूर घरापर्यंत आला आहे. सरांनी ते वाचून दाखवलं, पाहुण्यांना कळावं म्हणून इंग्रजीत सांगितलं. हुरडा म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. वृद्ध तज्ज्ञांनी तो कागद मागून घेतला आणि पाकिटात ठेवला. इतका आनंद मला पुन्हा झालेला नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मला ताप आला. पाच दिवसांत उतरला. सहाव्या दिवशी दूध उतू जाऊन जळलं, जळक्या वासानं स्वयंपाकघर भरलं आणि मी पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होते. आई धावत आली तेव्हा तिच्या तोंडाकडे पाहून मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, तापानंतर नाक असं जातं, काहींचं महिन्यात परत येतं, काहींचं वर्षात. नाही आलं तर, असं मी विचारलं. ते औषधाची चिठ्ठी लिहीत राहिले. रोज सकाळी लवंग, लिंबू, गुलाबपाणी आणि निलगिरीचं तेल, एकेक वीस सेकंद हुंगायचं, असा त्यांनी नेम सांगितला. मी ते करत असे. लवंग नाकाला टोचायची, तिचा वास यायचा नाही.

पॅनलवर मी हे सांगितलं नाही. कडूपणा जिभेवर होता, गोडी होती, वायूची चुणचुण होती, पेल्याचा थंडपणा होता. वेगळा पेला ओळखायला एवढंही बऱ्याचदा पुरतं. उरलेलं मी आठवणीतून लिहीत असे. आठ वर्षांच्या ओळी माझ्याजवळ होत्या, त्यांतली एखादी थोडी वाकवून बसवली की काम भागे. सर पूर्वीसारखेच त्या वाचून दाखवत. मला भीती वाटत होती ती पकडली जाण्याची नव्हती. पॅनलवरून उतरले की पुन्हा फायली, आणि त्या फायलींसमोर मी कुणीच नव्हते. शिवाय डॉक्टरांनी वर्ष म्हटलं होतं. सात महिने मी असे काढले.

मग पुन्हा हिवाळा आला आणि ते वृद्ध तज्ज्ञ पुन्हा आले. या वेळी इथंच, छोट्या टाकीत, त्यांनी गव्हाची धुरकट बिअर मुरवली होती. सगळ्या कारखान्याला ते ठाऊक होतं. सकाळी अकरा वाजता लाल दिव्याखाली पेला आला. हलकी, फेसाळ, कडूपणा जिभेच्या मागं जरा रेंगाळणारा. माझ्या जिभेनं तिला ओळखलं. मी डोळे मिटले, मागच्या वर्षीचा तो धूर आठवला, आणि लिहायला लागले. मागच्यापेक्षा चांगलं लिहिलं. विझलेल्या चुलीवर शेकणाऱ्या म्हाताऱ्या बोटांविषयी लिहिलं, भिंतीवर चढून राहिलेल्या काळ्या पट्ट्याविषयी लिहिलं. लिहिताना मला खरोखर वास आला असं वाटलं, हे मला सांगितलंच पाहिजे.

कागद गोळा झाले. सरांनी माझा वाचायला घेतला, दुसऱ्या ओळीपर्यंत गेले आणि थांबले. बाकीचे पाच कागद त्यांनी चाळले. त्या पाचही कागदांवर एकच गोष्ट होती, माझ्या कागदावर नसलेली. वृद्ध तज्ज्ञ माझ्याकडे बघत होते, रागानं नाही, डोळे बारीक करून, जसे ते काचेतला गाळ बघायचे.

“या पेल्यात धूर नाही,” ते सावकाश म्हणाले. “मी दोन टाक्या भरल्या होत्या. ही साध्या गव्हाची.”

लोक बिअर हुंगतात की बातमी, हे त्यांना आधी बघायचं होतं. धुराचा पेला नंतर येणार होता.

सरांनी माझा कागद उलटा ठेवला. आठ वर्षं माझ्या ओळी वाचणारा माणूस मला वाट करून देत होता. “ताईंना सर्दी झालेली दिसते. हवा लई वाईट आहे यंदा. पुढच्या आठवड्यात बघू.”

मी हो म्हटलं असतं तर कदाचित आणखी दोन महिने गेले असते. मी म्हटलं, “सर्दी नाही सर. सात महिने झाले, मला कसलाच वास येत नाही.”

सरांनी हे इंग्रजीत सांगितलं नाही. पण त्या वृद्ध तज्ज्ञांना कळलं असावं, कारण ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. त्यांच्या गावच्या कारखान्यात त्यांचा गुरू होता, त्याचं नाक असंच गेलं होतं, असं ते म्हणाले. मी विचारलं, परत आलं का? त्यांनी नुसती मान हलवली. नाही. मग धुराचा पेला आला आणि बाकीच्या पाच जणांसमोर ठेवला गेला.

त्या संध्याकाळी आईला मी सगळं सांगितलं, गिळण्याचंसुद्धा. ती म्हणाली, “सुटलीस म्हणायचं. आता पौर्णिमेला माझ्यासंगं चल.” तिच्या आवाजात समाधान होतं आणि ते तिनं लपवलं नाही. पौर्णिमेला मी गेले. पाचवं शील सगळ्यांबरोबर म्हटलं. विहारात अगरबत्त्या जळत होत्या, त्या जळताहेत हे मला दिसत होतं.

ती धुरकट बिअर कारखान्यानं काढली नाही, इथं कोण पिणार असं ठरलं. मला पॅनलच्या खोलीतच ठेवलं, हा सरांचा चांगुलपणा. कुप्या भरायच्या, आकडे चिकटवायचे, नव्या माणसांना शिकवायचं. पहिली आली ती पॅकिंगमधली एक बाई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तीक्ष्ण नाकाची, कुणाच्या डब्यात काय आहे ते बंद झाकणावरून सांगणारी. तिला मी सफरचंदाच्या वासाची कुपी दिली. तिनं हुंगली, डोळे वर केले, पुन्हा हुंगली.

“ताई, हिरवं सफरचंद. व्हय ना?”

मी कुपीवरचा आकडा पाहिला, तो यादीतल्या आकड्याशी ताडून घेतला आणि हो म्हटलं. तिनं खूश होऊन दुसरी कुपी मागितली.