पत्रिकेची मागची बाजू

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात साहेबांएवढा लग्नपत्रिकांचा लोभी माणूस दुसरा नाही. लग्नाला जातीलच असं नाही, पण पत्रिका हातात आली की आधी उलटून बघणार. मागची बाजू कोरी असली की खूश. तिचे चार तुकडे करायचे, आणि प्रत्येकावर सॉफ्टवेअरमधल्या एकेका ऑब्जेक्टचं, म्हणजे ठरावीक काम सांभाळणाऱ्या भागाचं नाव, त्याला काय माहीत आहे आणि तो काय करतो, एवढंच पेन्सिलीने लिहायचं. तुकड्यावर मावलं नाही, तर डिझाइन चुकलं.

कल्याणच्या एका धान्य व्यापाऱ्यासाठी आम्ही प्रोग्रॅम करत होतो. मी सगळी कामं 'मॅनेजर' नावाच्या एकाच ऑब्जेक्टवर टाकलेली. साहेब चिडले नाहीत. "हे काम कुणाचं रे?" एवढंच विचारलं आणि मला थेट बाजारात घेऊन गेले.

तिथे ओलसर धान्याचं वजन किती कमी धरायचं, हे काट्यावरचा मापाडी गोणीत हात घालून ठरवत होता. साहेबांनी लिहिलेल्या तुकड्यावर मात्र ते काम मालकाच्या नावावर होतं. मापाड्यासमोरच त्यांनी तुकडा फाडला.

"मीच चुकलेलो. तुमचं काम दुसऱ्याला दिलेलं."

मापाडी हसला. "साहेब, आम्हाला विचारायला येतंय कोण?"

आता कोड लिहिण्याआधी मीही तोच प्रश्न विचारतो. माझ्या मॅनेजरकडे दोनच कामं उरलीत.

पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. छापखानेवाला पत्रिकेच्या मागे हॉलचा नकाशा टाकणार होता. मी म्हटलं, नकाशा मी व्हॉट्सअपवर पाठवतो, मागची बाजू कोरीच ठेवा.