एक वाक्य देणेबाबत

डॉक्टरांच्या मालिका बघणारे लोक महाराष्ट्रात लाखांनी असतील, पण त्या मालिकांतल्या पेशंटची जबाबदारी अंगावर घेतलेली बाई एकच आहे, आणि ती सोलापुरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहते. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. मीही म्हणते. निरनिराळ्या गावांच्या सरकारी दवाखान्यांत छत्तीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या, त्याला आता आठ वर्षं झाली. लग्न केलं नाही. जेऊरला एक पुतण्या आहे, तो दिवाळीला फोन करतो. घरात एक पलंग, दोन खुर्च्या आणि टीव्ही. रोज संध्याकाळी सातला पाच कमी असताना त्या केस घट्ट बांधतात, घड्याळ मनगटावर चढवतात आणि टीव्हीसमोर ताठ बसतात. सिस्टर मालिका बघायला बसल्या असं म्हणायचं नाही. ड्युटीवर गेल्या म्हणायचं.

घड्याळ लागतं ते थेंब मोजायला. पडद्यावर हिरो आणि हिरॉईन एकमेकांकडे बघत असतात, संगीत चाललेलं असतं, आणि सिस्टरांचं लक्ष मागच्या सलाईनकडे. एका रविवारी मी शेजारी बसले होते. हिरॉईननं डोळ्यात पाणी आणून प्रेमाची कबुली दिली आणि सिस्टर घड्याळावरून नजर न काढता म्हणाल्या, "मिनिटाला शंभर. म्हाताऱ्या बाईला पवायला लावताय व्हय?" डॉक्टर हा प्राणी मालिकेत जी कामं करतो त्यावर तर त्यांचा मुळीच विश्वास नाही. तो स्वतः सलाईन लावतो, स्वतः स्ट्रेचर ढकलत पळतो, पेशंटच्या उशाशी बसून त्याचा घाम पुसतो. "छत्तीस वर्षांत," सिस्टर म्हणतात, "डॉक्टरनं रुमालानं घाम पुसलेला लई वेळा बघितला मी. सोताचा." आणि नर्सा काय करतात, तर व्हरांड्यात घोळक्यानं उभ्या राहून नव्या डॉक्टरकडे बघून हसतात. त्या प्रसंगाला सिस्टर चिडत नाहीत. त्यांना हेवा वाटतो. "ह्यांना उभं राहायला वेळ हाय बघा," म्हणतात. "आमाला लघवीला जायला कुणाला तरी सांगून जावं लागायचं."

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात तपासणी आणि पॅकिंग बघते. दिवसभर तुटलेली सुतं शोधून घरी यायला साडेसात होतात, म्हणजे मालिका नुकतीच संपलेली असते. मी जिन्याला वळायच्या आत तळमजल्याचं दार उघडतं आणि सिस्टर ओव्हर देतात. दवाखान्यात एक पाळी सुटून दुसरी येते तेव्हा जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक खाटेची हकिगत सांगून मोकळी होते, त्याला ओव्हर देणं म्हणतात. मला मिळणारा ओव्हर साधारण असा असतो: "खाट नंबर एक, हिरोची आई. बेशुद्ध, आज अकरावा दिवस. लिपस्टिक जागेवर हाय. अकरा दिवसांत एकदाबी कूस बदललेली न्हाय, पाठीला जखम हुणार. नळी कुटंच दिसत न्हाय, तवा लघवीचं काय ते लेखकाला ठाव. थोरल्या सुनेनं उशाशी येऊन रडून घेतलं. बाकी जैसे थे." मी हातातली पिशवी तशीच धरून ऐकते आणि शेवटी "बरं" म्हणते. बरं म्हटल्याशिवाय सुटका नसते. पहिल्यांदा मी म्हटलं होतं, सिस्टर, मालिका आहे ती. तर म्हणाल्या, "मालिका असू द्या की. पेशंट हाय का न्हाय?" समोरच्यानं ओव्हर घेतला नाही तर सिस्टरला घरी जाता येत नाही, हा त्यांचा नियम. घरात तर त्या उभ्याच असतात, पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. आणि खरं म्हणजे वरती माझीही कोणी वाट बघत नसतं. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पुण्याला. इमारतीत मला वैनी म्हणणाऱ्या आता सिस्टरच एक उरल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी मला ताप आला तेव्हा त्यांनी माझा ताबा घेतला. पलंगपोसाची चारी टोकं गादीखाली अशी दाबून खोचली की मला पाय बाहेर काढता येईना. भिंतीवरच्या कॅलेंडरचा तक्ता झाला. मी बरी झाल्यावर वाचलं तर एकेका चौकोनात ताप, नाडी आणि खाली शेरा: "पेशंट ऐकत नाही." "पेशंटने भात अर्धा टाकला." एका चौकोनात फक्त "कटकट" लिहिलं होतं. माझी मुलगी पुण्याहून आली, मला औषध देणाऱ्या डॉक्टरांना भेटायला गेली आणि त्यांचे पुष्कळ आभार मानून आली. सिस्टर तेव्हा स्वयंपाकघरात माझं थर्मामीटर धूत होत्या. मीही त्या वेळी काही बोलले नाही. तापातून उठलेलं माणूस स्वतःपुरतंच असतं.

इमारतीतल्या सगळ्यांची इंजेक्शनं त्या टोचतात, सगळ्यांचं बीपी बघतात. गेल्या वर्षी सोसायटीच्या वर्धापनदिनाला दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा "आपल्या आरोग्याचे रक्षक" म्हणून सत्कार ठरला. अध्यक्षांनी आयत्या वेळी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "सिस्टर, जरा ट्रे धरता का?" शाल, श्रीफळ आणि गुच्छ ठेवलेला तो ट्रे सिस्टर धरून उभ्या राहिल्या. भाषण पंचवीस मिनिटं चाललं. नारळ तसूभर हलला नाही. मी नंतर अध्यक्षांना दोन शब्द सुनावायला निघाले होते, तर सिस्टरनी माझा पदर धरला. "जाऊ द्या वैनी. ट्रे धरायची सवय हाय मला." हसत म्हणाल्या. मला ते हसू आवडलं नाही, पण मी गेले नाही.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांना मालिकेतली ती मुलगी दिसली. आम्हाला कोणाला दिसली नसती. पडद्याच्या अगदी कडेला, डॉक्टरच्या खांद्यामागे, पांढऱ्या गणवेशात एक बारकी मुलगी उभी असायची. नाव नाही, बोलणं नाही. शेवटी नावांची पाटी येते, तीतही ती नसे. सिस्टरनी एका संध्याकाळी ओव्हर अर्धा सोडला आणि मला आत ओढून नेलं, फोनवर तो भाग परत लावून दाखवला. "बोटं बघा तिची." मुलीनं बेशुद्ध आईचं मनगट धरलं होतं. "तीन बोटं. अंगठा न्हाय. अंगठ्यानं बघितलं तर सोताचीच नाडी लागती, हे शिकवल्याबिगर ठाव नसतं. ही तरी नर्स हाय, न्हाय तर हिची आई नर्स हाय." मग रोजच्या ओव्हरमध्ये खाट नंबर एकच्या आधी मुलगी येऊ लागली. आज तिनं सलाईनची नळी सरळ केली. आज डॉक्टरनं फेकलेली फाईल तिनं वाकून उचलली, पानं नीट लावली, कॅमेरा तिच्यावर नव्हता तरी लावली. सिस्टरांच्या खोलीत इतका आनंद मी कधी बघितला नव्हता. त्यांना एवढंच पाहिजे होतं, की तिनं एकदा बोलावं. "कायतरी बोलू द्या की तिला. इतके दिवस उभी हाय पोरगी."

शेवटी त्यांनी वाहिनीला पत्र लिहिलं. मला दाखवायला आणलं. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला एकाच प्रकारचं पत्र लिहिता येतं. वर "प्रति", मग "विषय: पाठीमागे उभ्या असलेल्या नर्सला एक वाक्य देणेबाबत", आणि खाली "महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर नर्स सतत हजर असून तिचे काम समाधानकारक आहे. तरी तिला एक वाक्य देण्यात यावे, ही विनंती." मी हसले. मग कारखान्यातल्या पोस्टाच्या गठ्ठ्यात ते टाकलं. उत्तर येणार नाही हे मला माहीत होतं, त्यांना सांगितलं नाही.

दीडेक महिना गेला. एका रविवारी मी त्यांच्याकडेच बसले होते. हिरोच्या आईला चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं होतं, ती तडफडत होती, डॉक्टर ओरडत होता, कोणी दिलं हे. आणि कॅमेरा सरकत सरकत कडेला गेला. ती मुलगी पडद्यावर पूर्ण आली. सिस्टर खुर्चीत पुढं झाल्या. त्यांचा हात माझ्या हातावर आला. मुलगी म्हणाली, "सॉरी डॉक्टर, चूक माझीच आहे."

डॉक्टरनं तिला दाराकडे बोट दाखवलं. ती गेली. जाहिराती लागल्या. सिस्टरनी टीव्ही बंद केला. मला वाटलं, आता लेखकाचा उद्धार होईल. तसं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साडेसातला आले तर दार उघडलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मी रोज जिन्याशी जरा थांबायचे आणि वर जायचे. ओट्याशी उभी राहून जेवायचे. घर किती शांत आहे, हे मला त्या तीन दिवसांत कळलं. गुरुवारी मी कारखान्यातून लवकर निघाले आणि सात वाजता सरळ त्यांचं दार वाजवलं. दार लोटलेलंच होतं. त्या खुर्चीत बसल्या होत्या, टीव्ही बंद, मनगट मोकळं.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"बरी हाय की."

"मग मालिका?"

"मीच मागितलं होतं, वैनी," त्या म्हणाल्या. "एक वाक्य द्या म्हणून. कुठलं द्यायचं, ते लिहायचं राहिलं."

मी म्हटलं, तुमचं पत्र कोणी वाचलंसुद्धा नसेल. त्यावर त्यांनी मान हलवली. "अर्धवट ऑर्डर लिहायची न्हाय, हे मी पोरींना शिकवायची. औषध लिहा, किती ते लिहा, कधी ते लिहा. आणि मीच अर्धवट लिहिली." मग म्हणाल्या, "हे वाक्य मी म्हटलेलं हाय. म्हणून कळतंय, कसं लागतं ते."

आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्या नोकरीचं नववं वर्ष. गाव कुठलं, ते मी लिहीत नाही. मोडनिंबकडचा एक म्हातारा शेतकरी साखरेच्या आजारानं दाखल होता. डॉक्टर घाईत निघाले होते, लग्नाला जायचं होतं. दारातून म्हणाले, फॉर्टी युनिट इन्शुलिन द्या. सिस्टरनी विचारलं, सर, फॉर्टी? ते हो म्हणाले. लिहून द्या, म्हटलं. आल्यावर लिहितो, म्हणाले. सिस्टरनी दिलं. तासाभरात म्हातारा घामानं भिजला, हाक मारली तर ओ देईना. सिस्टरनी त्याला ग्लुकोज लावलं आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत खाट सोडली नाही. डॉक्टर लग्नाहून आले तेव्हा म्हातारा चहा मागत होता. आणि कागदावर ताज्या शाईत लिहिलं गेलं होतं, फोर्टीन.

"दवाखान्याच्या मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर उभं केलं," सिस्टर म्हणाल्या. "मी म्हटलं, सॉरी सर, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मेमो मिळाला. संपलं."

"का म्हटलंत?"

"मग काय म्हणणार? ते डॉक्टर हुते."

मी कामावर दिवसभर बायकांना हेच विचारते. टॉवेल फाटका निघाला, चूक कुणाची. त्यात काही विशेष नाही, विचारायचंच असतं. म्हणून मी सवयीनं विचारलं, "पण सिस्टर, चूक कुणाची होती?"

त्या माझ्याकडे वळल्या. "काय म्हणालात?"

"चूक कुणाची होती?"

"पस्तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "हे कुणी विचारलं न्हाय मला." हात मांडीवर ठेवले, एकावर एक. "परत विचारा की एकदा."

एकच गोष्ट मी कोणाला तीनदा विचारत नाही. त्या दिवशी विचारली.

त्यांनी डॉक्टरांचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट आणि डिग्रीसकट. "मोठी चूक त्यांची. लिहून न घेता दिलं, ही माझी. चुका दोन हुत्या, वैनी. सॉरी एकीनंच म्हटलं."

"आणि म्हातारा?"

"म्हातारा झ्याक झाला. घरी जाताना डॉक्टरांच्या पाया पडला, ह्यांनी जीव वाचवला म्हणून." त्या जराशा हसल्या. "मी बाजूलाच उभी हुते."

मला वर जायचं होतं, सकाळचे कपडे वाळत होते. पण मी बसून राहिले. त्यांनीही जा म्हटलं नाही. दोन बायका बंद टीव्हीकडे तोंड करून बसलेल्या, खिडकीतून कशा दिसत असतील, असं एकदा मनात आलं. जिन्यावरून माणसं येत जात होती. आत कोणी डोकावलं नाही.