पुढेसरक्यांची डबल बेल

पुढेसरके हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचतो कोण! जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली, येता-जाता 'पुढे सरका, पुढे सरका' असा घोष केला, तेव्हा लोकांनीच त्यांचं हे बारसं करून टाकलं. आता तर दूधवालाही बिलावर तेच नाव लिहितो आणि पुढेसरके मुकाट्याने बिल भरतात.

निवृत्त झाले म्हणून काय झालं, जित्याची खोड जाते थोडीच? घरी पाहुणे आले की पुढेसरके दारापाशी उभे. सगळे आत आले, सगळ्यांना बसायला जागा मिळाली, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. आणि परवानगीचा कारभार सगळा बेलवर. बसमध्ये एक बेल म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, तोच कायदा घरात. लेक लहान असताना सहलीला जाऊ का म्हणून विचारायची, की पुढेसरके खिशातला तिकिटं टोचायचा पंच काढून ताटाच्या कडेवर वाजवायचे. एकदा वाजला की रडारड, दोनदा वाजला की उड्या. पुढे तिने परदेशी शिकायला जाण्याचा विषय काढला, तोही दोन टकटकींत निकालात निघाला. ती गेल्यावर पुढेसरके दोन दिवस तिच्या रिकाम्या ताटापुढे पंच घेऊन बसले, ही गोष्ट वेगळी.

मग एके दिवशी तिकडून तिचा फोन आला. तिथलाच एक मुलगा तिला पसंत होता. तिथल्याच सरकारी कार्यालयात लग्न करायचं ठरत होतं. सगळं सांगून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "बाबा, बेल?"

पुढेसरक्यांनी पंच हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मुलाची भाषा येत नाही, माणसं ठाऊक नाहीत, गाडी कुठल्या रस्त्याने जाणार त्याचा पत्ता नाही, अशा गाडीला बेल द्यायची कशी? आवाज तुटतोय, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. आवाज इतका स्वच्छ होता की पलीकडच्या खोलीत बायकोलाही ऐकू येत होता.

बेल दिली नाही तरी लग्नाला जायला हवंच होतं. दोघांची तिकिटं काढून झाली. पण माळ्यावरची बॅग काढायला बायको स्टुलावर चढली, बॅग खाली आली आणि बॅगेपाठोपाठ बायकोही. पाय प्लास्टरमध्ये गेला. त्या धावपळीत ठरलेलं विमान हुकलं. नवं तिकीट मिळालं ते लग्नाच्या दिवशी सकाळी पोचणारं, आणि तेही एकट्याचं. पुढेसरके आजवर एकटे मेव्हण्याकडेही गेले नव्हते, मग परदेश तर लांबच राहिला. निघताना बायकोने पलंगावरूनच बजावलं, "पोरीच्या बाजूला आपलं एक तरी माणूस दिसायला हवं. वेळेवर पोचा. आणि अहो, एवढ्या लांब जाऊन एकच वाजवलीत, तर परत येऊ नका."

विमानतळावर तपासणीत तो पंच सापडला. हे काय आहे, असं तिथल्या माणसाने विचारताच पुढेसरक्यांनी प्रात्यक्षिक म्हणून स्वतःच्या बोर्डिंग पासला भोक पाडून दाखवलं आणि मागच्या बाईंपुढेही हात केला. बाईंनीही गोंधळून पास दिला. विमानात हवाईसुंदरी त्यांना पुन्हा पुन्हा खाली बसवत होती, आणि सगळे बसल्याशिवाय आपण कसं बसायचं ही त्यांची अडचण तिला काही केल्या कळत नव्हती. उतरताना मात्र मधल्या वाटेत माणसं खोळंबली. पुढेसरक्यांच्या तोंडून आपोआप "पुढे सरका" निघालं, आणि काय आश्चर्य, ती परकी माणसं खरोखर सरकली. मग जग सगळीकडे सारखंच, असं पुढेसरक्यांनी ठरवून टाकलं, आणि इथेच घात झाला.

होणारा जावई घ्यायला येतो म्हणत होता. पण ज्याला अजून बेल दिली नाही त्याच्या गाडीत बसायचं कोणत्या तोंडाने? बसमध्ये आयुष्य गेलंय, मला बस शिकवू नकोस, असं त्यांनी लेकीला सुनावलं होतं. तरी तिने शिकवलीच. विमानतळासमोरून बस धरायची, निळ्या घुमटाच्या ग्रंथालयापाशी उतरायचं, शेजारीच लग्नाचं कार्यालय. लहान मूल पोचेल, असं ती म्हणाली. लहान मूल नक्कीच पोचलं असतं.

बस आली आणि पुढेसरके चक्रावले. बसमध्ये कंडक्टरच नव्हता! पुढे एक धिप्पाड ड्रायव्हरबाई, मागे गप्प बसलेली माणसं, आणि दाराशी कोणी म्हणजे कोणी नाही. अशी पोरकी बस त्यांना बघवेना. दाराजवळच्या दांडीवर मात्र एक लाल बटण होतं. ते दाबलं की टिंग वाजायचं. पुढेसरके दांडीला टेकून उभे राहिले ते उभेच. थांबा आला की ते बाबागाडीला हात लावायचे, म्हाताऱ्यांना धरून उतरवायचे, आणि सगळे चढले की बटण दोनदा दाबायचे. टिंग टिंग, चला.

आता त्या देशात ते बटण उतरणाऱ्याने दाबायचं असतं, आणि एकदा दाबा नाहीतर दहादा, बस पुढच्या थांब्यावर उभी राहते. त्यामुळे बस एकेका ओसाड थांब्यावर थांबू लागली. दार उघडे, कोणी उतरेना. ड्रायव्हरबाई आरशात डोळे वटारून पाही, आणि पुढेसरके कामाची दखल घेतली म्हणून मान लववत. शेवटी बाई समजली की हा म्हातारा बटणाशी खेळतोय, आणि तिने त्या टिंगटिंगीकडे लक्ष देणंच सोडलं.

निळा घुमट आला. उतरणारे दाराशी येऊन उभे राहिले म्हणून बस थांबली. पुढेसरक्यांनी एका आजोबांना उतरवलं, एका बाईंचं सामान उतरवून दिलं. समोर कार्यालयाच्या पायऱ्यांवर त्यांची लेक उभी होती. तिने हात केला. पुढेसरक्यांनीही भरल्या डोळ्यांनी हात केला, दोनदा बटण दाबलं, आणि बस निघाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कंडक्टर कधी मधल्या थांब्यावर उतरतो का? हात खाली घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज आपण प्रवासी होतो. मग त्यांनी एकदाच, आर्जवाने, बटण दाबलं. पण बाई आता ढिम्म. बाकीचे सगळे प्रवासी ग्रंथालयापाशीच उतरून गेले होते, बस मोठ्या रस्त्याला लागली, आणि ओळीने उभ्या असलेल्या रिकाम्या बसगाड्यांच्या मधे जाऊन थांबली. पुढेसरक्यांना तो डिझेलचा वास ओळखीचा वाटला आणि रडू आलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"डेपोत."

"डेपोत? कशाला?"

"गाडी शेवटी डेपोतच जाते ना, बाळ."

लेक रडवेल्या आवाजात म्हणाली, की आमच्यानंतर दुसऱ्या जोडप्याची वेळ आहे, लग्न लावणारे साहेब फार थांबणार नाहीत, आणि माझ्या बाजूच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या आहेत. पुढेसरक्यांनी फोन ड्रायव्हरबाईंच्या हातात दिला. बाई ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला. तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या पंचाकडे पाहिलं, आणि खो खो हसत सुटली. परतीची फेरी तिचीच होती. तिने त्यांना आपल्या शेजारी उभं केलं आणि बटणाकडे बोट दाखवून असं बोट हलवलं, की त्याला भाषा लागत नाही.

मग पुढेसरक्यांनी बटणाला हात लावला नाही. पहिल्या थांब्यावर माणसं चढली, तेव्हा त्यांनी दांडीवर पंच वाजवला, टक टक. बाईने नुसतं पाहिलं. दुसऱ्या थांब्यावर ती गालात हसली. त्याच्या पुढे तर त्यांची टकटक झाल्याशिवाय ती गिअरला हात लावीना. पुढेसरक्यांना इतका आनंद झाला, की ग्रंथालय आलं तेव्हा ते याही वेळी राहिले असते. बाईने त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं.

कार्यालयात मुलाकडची माणसं दाटीवाटीने बसली होती. लेकीच्या बाजूला पहिल्या खुर्चीवर तिची पर्स ठेवलेली, बाकी खुर्च्या मोकळ्या. बाबांना पाहताच तिने पर्स उचलली. पुढेसरके दारातच थबकले. साहेबांनी कागद समोर ओढून काहीतरी विचारलं, बहुधा कोणाची हरकत आहे का असं. लेकीने वळून बाबांकडे पाहिलं. सहलीला जाऊ का म्हणून विचारताना ती अशीच पाहायची.

पुढेसरक्यांनी पंच काढला आणि दाराच्या चौकटीवर वाजवला.

टक.

एकच. लेकीचा चेहरा पांढरा पडला. मुलाला त्या बेलचा कायदा तिने आधीच समजावलेला असणार, कारण त्याचाही पडला. साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

पण पुढेसरक्यांचं लक्ष त्या दोघांकडे नव्हतंच. मुलाच्या बाजूला भिंतीला टेकून एक वाकलेली आजी काठीवर उभी होती. तिकडे जागा नव्हती, आणि इकडच्या मोकळ्या खुर्च्यांवर बसायचा तिला संकोच वाटत होता. पुढेसरके गेले, तिला हाताला धरून सावकाश लेकीच्या बाजूला आणलं, आणि पर्स उचलून मोकळ्या केलेल्या त्या पहिल्या खुर्चीवर बसवलं. ही खुर्ची तुमची होती बाबा, असं लेक पुटपुटली.

"अगं, आजी उभ्या होत्या," पुढेसरके म्हणाले. "माणूस उभं असताना गाडी सोडायची नसते."

मग ते पुन्हा दारापाशी जाऊन आपल्या जागेवर उभे राहिले. सगळे बसलेत ना, हे एकदा पाहिलं, आणि पंच दोनदा वाजवला. साहेबांना काही विचारावं लागलं नाही. त्यांनी लेखणी उचलली.