सायकल बाईस हवी

माझी उंची चार फूट दहा इंच आहे. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हाही तेवढीच होती.

पण पुनर्रचनेला माझ्या पायांशी काय घेणे! राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागे नवऱ्याचे ऑफिस गेले, आणि इकडे दोन शाळांची एक करून मला लष्कर भागातल्या शाळेतून पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला धाडले. सोमवारी साडेदहाला हजर, नाहीतर जागा दुसरीला! म्हणजे सायकल हवीच.

मला वह्या तपासायच्या होत्या (मी मराठी शिकवते, अशुद्ध लिहिणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही!). म्हणून नई सडकेवरच्या सायकलच्या दुकानात मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, पाठवले. त्यांचा जन्म दरबारच्या कचेरीत गेलेला. लेखी हुकमाशिवाय ते भाजीसुद्धा आणत नसत. चिठ्ठी दिली.

संध्याकाळी दारात सायकल कसली, घोडाच उभा! मधे आडवा दांडा, सीट माझ्या छातीशी. (त्या दांड्यावरून साडी नेऊन दाखवावी कोणीही!) तरी चढले. पाय पेडलपर्यंत पोचेनात. मी मात्र जमिनीपर्यंत पोचले.

"मामंजी, ही कुणाच्या मापाची आणलीत?"

"चिठ्ठीबरहुकूम आहे, सूनबाई. मी तोंडातून अक्षर काढलं नाही!"

तशीच लंगडत, सायकल ढकलत दुकानात गेले. "दिखता नहीं क्या? बाई के लिए ये ऊँट भेज दिया?"

"आपकी चिट्ठी में बाई है कहाँ, बहनजी?" दुकानदाराने माझी चिठ्ठी काढली आणि मोठ्याने वाचली, "सायकल बाईस हवी. उंची पाहून द्यावी." मग एकेका शब्दावर बोट ठेवले. "ये बाईस. ये ऊँची. तो बाईस इंच का फ्रेम दिया, और सीट ऊँची करके दी!"

हिंदीत बाईस म्हणजे बावीस! माझ्या चिठ्ठीतली बाई गेली, आकडा तेवढा उरला. सरळ 'बाईला' लिहिले असते तर? पण नाही! 'ला' मला फार घरगुती वाटतो ना!

"बदल दूँगा," तो म्हणाला, "पर अबकी बार नाप लिखिए."

मी दातओठ खात लिहिले, 'बीस. लेडीज.'

सोमवारी दहा वीसला मुरारला हजर झाले. पहिलाच तास विभक्तीचा. एक मुलगी उठून खणखणीत म्हणाली, "चतुर्थी! स, ला, ते!"

"त्यातला 'स' खोडा," मी गुडघ्याची पट्टी निऱ्यांनी झाकत म्हटले. "त्याने लागतं!"