पाठवणीची गाडी

वऱ्हाडचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. इथली मार्गशीर्षातली सकाळ मात्र आमच्या गाडीला विचारावी. बाबांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली ही गोल दिव्यांची गाडी थंडीत रुसलेल्या जावयासारखी वागते. रात्री बॉनेटवर गोणपाट पांघरा, सकाळी रेडिएटरमध्ये गरम पाणी ओता, चोक पुरता ओढा, तेव्हा कुठे खोकत खोकत चालू होते.

ताईच्या लग्नाच्या धावपळीत ते गोणपाट टाकायचंच राहिलं. आमच्याकडे पाठवणीला नवरी गाडीत बसली की चाकाखाली नारळ ठेवतात आणि मुलीचा बाप गाडीला मागून हात लावून ती पुढे लोटतो. लेकीला आपल्या हातानं वाटेला लावायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्या सकाळी अमरावतीत, आमच्या दारात, ताई मागच्या सीटवर बसली, बाबांनी हात लावला, आणि गाडी चालूच होईना. मी हँडल मारून मारून त्या थंडीतही घामाघूम झालो. तेव्हा ताईचे भासरे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मामाजी, पोरगी पाठवून राहिले का भंगार?"

लोक हसले. भासऱ्यांनी ताईला उतरवून आपल्या कोऱ्या गाडीत बसवलं आणि ती गाडी भुर्रकन निघालीसुद्धा. बाबांचा हात तसाच पुढे राहिला.

त्यानंतर बाबांनी स्टिअरिंग धरलं नाही. त्या सकाळबद्दल कधी अवाक्षरही काढलं नाही. मी मात्र विसरलो नाही. दर रविवारी गाडी पुसायचो, तेल बदलायचो, तिच्यासाठी जुने भाग शोधत बाजार पालथे घालायचो. लोकांना वाटायचं, मला जुन्या वस्तूंचा शौक आहे. शौक कसला! मला भासऱ्यांचं नाक ठेचायचं होतं, आणि त्यासाठी ही गाडी जिवंत राहायला हवी होती.

गेल्या हिवाळ्यात त्यांचाच फोन आला. "आमच्या पोरीच्या पाठवणीले जवायाले विंटेज गाडी पायजे म्हणते. तुमची हाये ना अजून? व्हिडिओ काढाचा हाये."

भंगाराची विंटेज झाली होती. मी इतक्या गोड आवाजात हो म्हणालो की बायकोनं वळून पाहिलं.

बाबांना शेजारी बसवून, मूर्तिजापूरचं गार वारं खात अकोल्याला पोचलो. रात्री कार्यालयासमोर गाडी उघड्यावर उभी केली. गोणपाट डिकीत होतं. ते मी डिकीतच राहू दिलं.

सकाळी नवरा-नवरी मागे बसले. चाकाखाली नारळ आला. भासरे फेटा बांधून, जरीच्या शेरवानीत, डोळे पुसत मागे उभे राहिले. मी किल्ली फिरवली आणि चोकला बोटही लावलं नाही. घर्र घर्र करून गाडी गप्प झाली.

"थंडी हाये ना, भाऊसाहेब," मी खिडकीतून डोकं काढून म्हणालो, "लोटा जरा."

ते लोटू लागले. नारळ फुटला, गाडी हलली. दोन-चार जण मदतीला धावले तेव्हा मी ओरडलो, "बापानंच लोटाची असते!" ते बिचारे रीत म्हणून मागे सरले. मधूनच मी क्लच सोडायचो, गाडी हिसका देऊन अडायची आणि भासरे मागच्या काचेवर आपटायचे. व्हिडिओवाला पुढे उलटा पळत होता. पुढे कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी बघे जमून खिदळत होते. नवरीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, सगळी गंमतच चालली आहे. "पप्पा, अजून जोरात!" ती म्हणाली. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं, की सांगायला लाज वाटायला हवी. ती वाटत नाही.

शेवटी फेटा सुटून धुळीत पडला. भासरे गाडीवर डोकं टेकवून धापा टाकू लागले. झालं, फिटलं, असं म्हणत मी चोककडे हात नेला.

बाबांनी माझं मनगट धरलं. ते मघापासून आरशात बघत होते.

"थांब बे," ते म्हणाले. "पानठेल्यापरेंत येऊ दे त्याले."