ठसका सिस्टर आणि माझ्या गोळ्या

डिंगोऱ्याच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई कुणाशी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. बायका त्यांना मागून 'ठसका सिस्टर' म्हणायच्या, आणि त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू द्या. गोड बोलणाऱ्यांनी तुमचं काय भलं केलं?" असं त्या वर विचारायच्या.

मला लग्नाआधीपासून फिट यायच्या. सासरी त्याचं निदान कधीच होऊन गेलं होतं: अमावस्या. डॉक्टरचा कागद कुणी वाचला नव्हता, पण अमावस्या आली की माझ्यावरून लिंबू मात्र बिनचूक उतरवलं जायचं. सिस्टरनी मला भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीला लाल आणि फिटला निळी खूण करायला लावली. चार महिन्यांनी ते कॅलेंडर त्यांनी सासूबाईंच्या पुढ्यात टाकलं. जवळजवळ प्रत्येक निळी खूण लाल खुणेच्या एकदोन दिवस आधी होती. "बघा मावशी, पाळीच्या तोंडावर फिट येत्यात हिला. चंद्राचा काय संबंध न्हाई. लिंबं सरबताला ठेवा."

मूल हवं म्हटल्यावर त्यांनी मला आधी मंचरच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. माझी फिटची गोळी पोटातल्या बाळाला चालणारी नव्हती, ती दिवस राहण्याआधीच बदलायला हवी, हे मला तिथं कळलं. घरी तोवर नवस बोलून झाला होता. गोळीचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दिवस राहिले आणि घरात प्रत्येकाला अचानक वैद्यकी येऊ लागली. "गोळ्यांची गरमी बाळाला बाधंल, बंद कर," सासूबाई म्हणाल्या. मी बारावी शिकलेली, तरी मान डोलावली. पाचव्या दिवशी कांदे साठवायच्या बराखीत कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा उशाशी सिस्टर होत्या आणि दीर चप्पल घेऊन उभे.

"चप्पल हुंगून बरं व्हतं व्हय? मग देवळाबाहेर नेऊन झोपवा हिला, तिथं लई चपला हायेत!" मग माझ्याकडे वळल्या. "आन् तू गं? डोकं काय निस्तं पदर घ्यायला दिलंय? तू आपटलीस तर पोटातलं काय वर तरंगणार हाय?"

त्याच मला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. सोनोग्राफीत बाळाचे ठोके ऐकू येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मी त्यांना गप्प बसलेलं तेवढंच पाहिलं.

मुलगी झाली, धडधाकट. गावानं श्रेय लगेच वाटून टाकलं: नवसाला, सासूबाईंच्या उपासांना आणि, का ते देव जाणे, दिरांना. सिस्टरच्या निवृत्तीच्या कार्यक्रमातही सासूबाईंनी माइक धरून नवसाचीच कथा लावली. मी रडत पाया पडले, तर सिस्टर म्हणाल्या, "रडू नगं. दुसऱ्या लेकराचा इचार असंल तर आधी डॉक्टर गाठ. शिव्या द्यायला मी नाय आता."

गेल्या वर्षी त्या वारल्या. परवा मी एकटीच मंचरला जाऊन आले. दुसरं बाळ हवंय मला. घरी कुणाला विचारलं नाही. परतताना एस्टीत मात्र हुंदका आवरेना. आता मी चुकले तर तेवढ्या मायेनं रागावणारं कुणी उरलेलं नाही.