त्याच्या दवाखान्यासमोर

माझा धाकटा भाऊ चाळिशीच्या आतच गेला. शेळ्या-म्हशींमागे हिंडून काटक झालेला गडी. थोड्याच दिवसांपूर्वी नारायणगडावर कुठेही न टेकता चढून गेलता. त्या सकाळी धार काढताना त्याच्या छातीत कळ आली, डावा हात जड पडला, अंग घामानं भिजलं. मी आणि भावजयीनं त्याला जीपनं पाटोद्याला नेलं.

डॉक्टर हसला. "या वयात कुठला अटॅक? गॅस हाय. काल काय हादडलंस बे?"

छातीची ईसीजीची पट्टी काढा म्हणून मी दोनदा विनवलं. त्यानं इंजेक्शन टोचून घरी लावून दिलं. परतताना गावची शीव यायच्या आत भावानं माझ्या मांडीवर मान टाकली.

लोक म्हणाले, तक्रार कर. मला तक्रार नको होती. त्याचा दवाखाना ओस पडलेला मला बघायचा होता.

तेरावं झाल्यावर दर बाजाराच्या दिवशी मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसायला लागले. पूर्वी आमच्याकडं हृदयाचं दुखणं म्हणजे नातवंडं खेळवणाऱ्यांचं. आता तसं राहिलं न्हवतं. आमच्या गावचा जीपवाला स्टेअरिंगवरच गेला. शेजारच्या वाडीतल्या तरण्या मास्तरला स्टेंट टाकावा लागला. कुणी छाती धरून आलं की मी उठायचे. "इथं थांबू नका. माझा भाऊ इथंच गॅस म्हणून मेला. तडक बीडला जा." लोक ऐकायचे. रिकामी होत जाणारी त्याची बाकडी बघून मला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

एक दिवस तो बाहेर आला. "ताई, कावून माझ्या पोटावर पाय देताय? माणसाच्या हातून चूक होतेच."

"चूक झाली म्हणून तुमी हसला न्हवता," मी म्हणाले. "हसला म्हणून चूक झाली."

सगळा बाजार बघत होता. तो मान खाली घालून आत गेला.

पुढं त्यानं ईसीजीचं मशीन आणलं. ऊसतोडीहून आलेल्या एका बाईची पट्टी बिघडलेली दिसली, तेव्हा स्वतःच्या गाडीत घालून तिला बीडला पोचवलं. ती वाचली. भावजय म्हणाली, "आक्का, आता तरी सोडा. ते सुधारले."

"ती वाचली, लई चांगलं झालं," मी म्हणाले. "पण माझं न्हाई सुटत."

अजूनही बाजाराला गेले की मी टपरीवर बसते. आता कुणाला अडवत नाही, बोलतही नाही. नुसती बघते. खिडकीतून त्याची नजर माझ्यावर पडली की त्याचा चेहरा उतरतो, आणि पुढ्यातल्या पेशंटच्या छातीला लावलेली नळी तो जरा जास्त वेळ धरून ठेवतो. तेवढ्यासाठीच मी जाते.